एक काना कमी

९ फेब्रुवारी

ही डायरी ह्यांच्या लिफ्ट कंपनीची. दरवर्षी मिळायची आणि दरवर्षी कोरीच राहायची. प्रत्येक पानावर छापलेलं आहे, वर 'तक्रार' आणि निम्म्यावर 'काय केलं'. चौतीस वर्षं ह्या माणसाने लोकांच्या लिफ्टच्या तक्रारी ऐकल्या, माझी एक ऐकली असेल तर शपथ. तेव्हा आता मीच लिहिते, कोण अडवणार आहे?

हे जाऊन तीन आठवडे झाले. दुपारी जेवून खिडकीजवळच्या खुर्चीत कम्प्युटरसमोर बसले. मी आत भांडी घासत होते. बाहेर आले तर मान खाली. मला वाटलं डुलकी लागली. म्हटलंसुद्धा, "आडवे व्हा की जरा." तेवढं वाक्य राहून राहून आठवतं.

कम्प्युटर त्या दिवसापासून चालूच आहे. लेक परगावाहून फोन करते, आई, बंद कर तो, वीज कशाला जाळतेस. मी हो हो म्हणते. आज धूळ पुसताना माउस हलला आणि पडदा उजळला. वर टॅबची ही रांग. मोजले, एकतीस. माझ्या टाचण्यांच्या डबीतसुद्धा इतकी दाटी नसते. त्याच्याही वर एक पिवळी पट्टी: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, नवा घ्या. ह्यांनी चप्पल नवी घ्यायची तर मला दोन महिने मागे लागावं लागायचं, ब्राउझर कुठला घेतायत.

पहिल्या टॅबवर एक कट्टा आहे. म्हणजे माणसं येऊन लिहितात, गप्पा मारतात. ह्यांचं नाव तिथे 'तळमजला'. अकरा वर्षांपासून.

१० फेब्रुवारी

धुलाईच्या दुकानातलं आल्टरचं काम उरकून आल्यावर हात धुऊन सरळ खुर्चीत बसले. पाच वाजेपर्यंत वाचत होते. डोकं भणभणलंय.

घरात ह्यांचे शब्द ठरलेले. हं, बरं, मीठ कमी आहे. आणि इथे पानंच्या पानं! ती एक जुनी अंतराळातली मालिका होती, तीन वर्षं चालली आणि अर्ध्यावर बंद पडली. त्यालाही वीस वर्षं झाली. तिच्यातली कप्तानबाई अंगात जो लांब कोट घालायची, तो हिरवा होता की निळा, ह्यावर ही माणसं अकरा वर्षं भांडतायत. मध्येच ब्राउझर कुठला चांगला ह्यावर घसरतात, तिथून बटणांवर, तिथून पुन्हा कोटावर. रिकामपणचे उद्योग, दुसरं काय.

रोजचे तिघे आहेत. 'उलटी टोपी' म्हणजे एक बाई, सकाळच्या पाळीची बस चालवते, दुपारी मोकळी. 'दीडशहाणा' निवृत्त शाळामास्तर, स्वतःच हे नाव घेतलंय त्याने, तेव्हा दुसऱ्या कुणाला ठेवायचा त्रास नाही. 'चष्मा हरवला' औषधांच्या दुकानात बसतो आणि चौऱ्याण्णव टॅब उघडे ठेवतो. मास्तर त्याला रोज झापतो की अरे, तो ब्राउझर आहे, माळा नव्हे. दुपारी तीनला सगळे जमतात. आल्यावर 'आलो' किंवा 'आले' लिहायचं, बाकीचे 'ये' म्हणतात, की झाल्या गप्पा सुरू.

आता माझा राग कशाचा ते लिहिते. हे जागोजागी लिहितात, 'घरचे म्हणतात, आधी माप, मग तोंड.' हे माझं वाक्य! गिऱ्हाईक माप देताना बडबडायला लागलं की मी म्हणते. ह्या लोकांना ते इतकं आवडलंय की भांडण पेटलं की एकमेकांना तेच सुनावतात. आणि 'घरचे' म्हणे. किती आहेत घरचे? एक.

१० फेब्रुवारी, पुन्हा

कोटाचं आत्ता कळलं. डिसेंबरात ह्यांनी मला चिठोऱ्यावर माप आणून दिलं होतं, एका ओळखीच्या बाईचा लांब कोट शिव म्हणून. डावी बाही उजवीपेक्षा दीड इंच आखूड. मी म्हटलं माप चुकीचं घेतलंय. हे म्हणाले, बरोबर आहे. बस्स. कोण बाई, कशाला, काही नाही. तो कोट अजून शिवणाच्या पुतळ्यावर आहे, कॉलरपाशी अडलेला.

तो उलट्या टोपीचा आहे. वीस एप्रिलला हे सगळे पहिल्यांदाच एकमेकांना भेटणार आहेत, मालिकेतले कपडे घालून, आणि ती कप्तानबाई होणार आहे. आणि आमचे हे तिथे लिहितात, 'बाह्या लावल्या. कॉलर उभी राहत नाही.' लावल्या! कुणी लावल्या? सुईत दोरा ओवता येत नव्हता ह्या माणसाला.

तिचा शेवटचा निरोप चार दिवसांपूर्वीचा आहे. 'तळमजल्या, मेलास की काय? कॉलरचं सांग.'

११ फेब्रुवारी

केलं. काय केलं ते लिहायलाही हात धजत नाही, पण केलं.

खरं सांगायलाच बसले होते. 'मी त्यांची पत्नी' इथपर्यंत लिहिलं आणि पुढचं वाक्य येईना. ते लिहिलं असतं तर तिथूनही हे गेले असते. घरातून गेले, कामावरून गेले, रेशनच्या कार्डावरून गेले. एवढी एकच जागा होती जिथे ह्यांची अजून कुणी वाट बघत होतं.

मग खोडलं आणि ह्यांच्यासारखं लिहिलं. इथे उतरवून ठेवते:

'आलो. तब्येत बरी नव्हती. कॉलरला नुसतं बुकरम पुरणार नाही, आत तिरकी पट्टी घालावी लागेल. उद्या मोजून सांगते.'

लिहिण्याआधी तीनदा विचार केला होता, बाईमाणसाचं काही जायला नको. 'आले'चं 'आलो' केलं, सगळं पुरुषी थाटात. पाठवण्याआधी पुन्हा वाचायला हवं होतं, पण तीन वाजून गेले होते, टाकून दिलं.

उलट्या टोपीचं उत्तर लगेच आलं. 'बरं. सांगा.' चष्मा हरवलाने काळजी घ्या म्हटलं. मास्तर आज काहीच बोलला नाही. त्यालाही कधीतरी कामं असतील. चला, जमलं म्हणायचं.

१४ फेब्रुवारी

रोज तीनला जाते. आलो, लिहितो, बघतो, करतो. चौथ्या दिवशी सवय झाली. आज दुकानात मालकीणबाईंनी विचारलं, त्या पँटची उंची कमी केलीत का, तर तोंडातून आलं, "संध्याकाळपर्यंत करतो." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, दोन दिवस सुट्टी घ्या हवं तर.

२० फेब्रुवारी

अकरा वर्षांचा वाद मी आज मिटवला! मास्तर निळ्यावर अडलेला, चष्मा हिरव्यावर. दोघांनी मालिकेतले फोटो टाकले. मी बघितले आणि हसूच आलं. अरे बाबांनो, कापड धूपछावी आहे. ताण्याचे उभे धागे निळे, बाण्याचे आडवे हिरवे. ती उजवीकडे वळली की एक दिसणार, डावीकडे वळली की दुसरा. असलं कापड मी वर्षातून चारदा कापते. तसं लिहून टाकलं.

मग मास्तरने लिहिलं, 'हे आम्हाला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही होता कुठे?' मी लिहिलं, इथेच होतो.

एक गंमत बघते. जुनं वाचलं तर तिघेही ह्यांना अरे-तुरे करायचे. 'ये रे तळमजल्या', 'गप बस रे'. हल्ली सगळे अहो-जाहो करतात. या, बसा, तुमचं काय मत. इतकी वर्षं जमलं नाही ते ह्यांना गेल्यावर जमलं, मान वाढला. माझ्यामुळे हो!

२ मार्च

आज उलट्या टोपीने विचारलं, 'घरी बाई कशा आहेत?'

आधी वाटलं, बरी आहे एवढंच लिहावं. मग लिहायला घेतलं आणि थांबेचना. लिहिलं की ती बरी आहे. सकाळी धुलाईच्या दुकानात आल्टरचं टेबल सांभाळते. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा करते, उभ्यानेच काहीतरी खाते. रेडिओ लावते आणि ऐकत नाही. संध्याकाळी तिला बोलायला कुणी नसतं.

पाठवल्यावर जीभ चावली. बोलायला कुणी नसतं, मग हा नवरा कुठे असतो? पण कुणी ते धरलंच नाही. धरणार तरी काय, नवरा घुम्या आहे असं वाटलं असेल. त्यात खोटं काहीच नाही.

उलट्या टोपीने लिहिलं, 'त्यांना सांगा, मी विचारलं होतं.'

मी पडद्याकडे बघून मान हलवली. वेडीच.

३ मार्च

चष्मा हरवला म्हणतो, बाईंनी निदान बसून जेवावं. ताट वाढून, खुर्चीत बसून. आज बसून जेवले.

९ मार्च

आता रोज कुणी ना कुणी विचारतं. काल बाईंनी काय केलं, आज बाहेर पडल्या का. मी सगळं सांगते. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायचं विसरली, मग घातलं. दुकानात एकीच्या झग्याची चेन बसवताना सुई मोडली. रविवारी लेकीशी फोनवर भांडली, कारण लेक म्हणते घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये.

कबूल करायचं तर करते. ह्यांनी माझ्याबद्दल इतकं कधी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना इतकं माहीतही नव्हतं. आता हे माझ्याबद्दल बोलतात, मी काय खाल्लं, मला करमतं की नाही, आणि लिहिते मीच. माझ्या नवऱ्याने माझी विचारपूस करावी म्हणून मला नवरा व्हावं लागलं. ह्याला कुठल्या रकान्यात लिहू, तक्रारीत की काय केलं त्यात?

गेलेल्या माणसाच्या नावाने लिहिणं ही फसवणूक आहे, कळतं मला. रोज ठरवते, उद्या सांगायचं. पण उद्या तीन वाजले की बोटं आपसूक 'आलो' लिहितात. हे तिघे चांगले आहेत. त्यांचा मित्र गेलाय आणि मी त्यांना रडूही देत नाही.

१८ मार्च

पिवळी पट्टी आज लाल झाली. एक एप्रिलपासून कट्टा ह्या ब्राउझरवर उघडणार नाही.

मास्तर खुशीत. म्हणाला, सांगत होतो, जुनाट ब्राउझर म्हणजे कडी नसलेलं दार. मग समजावून सांगितलं, नवा ब्राउझर घ्या, कट्ट्यावर या, नाव आणि पासवर्ड घाला, झालं. मी विचारलं, पासवर्ड आठवत नसेल तर? तो म्हणाला, मग ज्या मेलवर नोंद केली त्यावर नवा मागवायचा.

ह्यांचा मेल कंपनीचा होता. कंपनीने फेब्रुवारीतच बंद केला. म्हणजे मला आत शिरता येतंय ते केवळ दार उघडं राहिलंय म्हणून. एकदा लागलं की किल्ली ह्यांच्याबरोबर गेली. कशात काय अन् फाटक्यात पाय.

२४ मार्च

कोट होत आलाय. कॉलर ताठ उभी आहे, वरची दोन बटणं तेवढी राहिलीत. उलटी टोपी म्हणाली होती, झाला की कळवा, पत्ता खासगीत पाठवते, टपालाने टाका. मी आज कॉलर उसवली आणि पुन्हा घातली. काही चुकलं नव्हतं. कोट गेला की मग ती मला काय विचारणार?

'अजून चार दिवस लागतील' असं कळवलं. तिने लिहिलं, 'लागू द्या. घाई मला नाही.'

त्या मापाने मला तिचं बरंच कळलंय. आखूड बाही, त्याच बाजूचा खांदा जरा उतरलेला. एवढी मोठी बस त्या हाताने कशी वळवत असेल कोण जाणे. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. शिंपिणीला मापातून कळतं ते तोंडाने बोलायचं नसतं.

३० मार्च

लेक उद्या येतेय, आठवडाभर. एक तारीख परवाच आहे. आज दुपारी कट्ट्यावर सगळ्यांना लिहिलं, ब्राउझरचं काम निघालंय, थोडे दिवस दिसलो नाही तर काळजी करू नका. कोट झाला आहे हे लिहायला गेले आणि लिहिलं नाही. उद्या लिहीन म्हटलं.

उलटी टोपी म्हणाली, 'बाईंना सांगा, दिसत राहा.'

३१ मार्च

उद्या लिहायचं ते आज राहिलं ते राहिलंच.

लेक सकाळी आली. मी अर्ध्या दिवसासाठी दुकानात गेले होते. परत आले तर ती ह्यांच्या खुर्चीत, चेहरा फुललेला. "आई, बघ, किती सुसाट झालाय! नवा ब्राउझर टाकला, सगळं साफ केलं." पडद्यावर एकच टॅब, कोरा.

मी विचारलं, "आधीचं कुठे आहे?"

"कुठलं आधीचं?"

"बाबांचं. एकतीस होते."

ती खुर्चीत वळली. मग हळूच म्हणाली, "एकेक वाचून बंद केला गं. तास लागला. एकात लिफ्टच्या तारेचं काहीतरी होतं, एकात गुडघेदुखीवरचे व्यायाम. तुझ्या गुडघ्यांसाठीच असतील. मला वाटलं, तुला ते बघून त्रास होत असेल."

मला ओरडायचं होतं. पण तिचे डोळे सुजलेले होते. तिने एकटीने तासभर तिच्या बापाची एकतीस दारं लावली होती आणि मी तिला ह्या दाराबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघी तिथेच रडलो, ती खुर्चीत आणि मी पुतळ्याशेजारी उभी.

मग सगळं सांगितलं. कट्टा, कोट, आलो-लिहितो-बघतो. ती आधी हसली, मग तिला ते सोसेना. म्हणाली, "आई, तू बाबा झाली होतीस?" मी म्हटलं, कुणीतरी व्हायला हवं होतं.

पासवर्ड शोधला. वाढदिवस घातले, लग्नाची तारीख घातली, लिफ्टचा नंबर घातला. पाच वेळा चुकल्यावर त्याने दार लावून घेतलं. लेकीला वाटलं होतं तिच्या नावाचा असेल. नव्हता. माझ्याही नावाचा नव्हता. लेकीला मात्र ते लागलं.

१ एप्रिल

पत्ता नाही. कोट तयार आहे आणि पत्ता नाही. तो मागायचा तर आत जायला हवं, आणि आत जायचं तर मीच जायला हवं, दुसरं कोण राहिलंय.

लेक म्हणाली, नुसतं वाचायला नाव लागत नाही, बाहेरून दिसतं. तिला बाबा काय बोलायचे ते वाचायचं होतं. मी भाजी निवडत होते, ती मोठ्याने वाचत होती आणि मध्ये मध्ये हसत होती. माझ्या अकरा फेब्रुवारीपाशी आली आणि थांबली.

"आई, हे तू लिहिलंस?"

मी म्हटलं, हो, पहिलंच.

"'उद्या मोजून सांगते'?"

मी म्हटलं, नाही नाही, सांगतो. मी नीट सांगतो लिहिलं होतं. तिने पडदा माझ्याकडे वळवला. चष्मा लावून बघितलं. सांगते. एक काना कमी. त्या दिवशी ह्या डायरीतही मी तसंच उतरवून घेतलं होतं, आत्ता पान उलटून पाहिलं. मीच लिहिलं, मीच उतरवलं, दोनदा डोळ्यांखालून गेलं आणि दिसलं नाही.

लेक वर-खाली सरकवत राहिली. त्या ओळीच्या वर, 'कॉलरचं सांग.' त्या ओळीच्या खाली, 'बरं. सांगा.' वर 'ये रे', खाली 'या'. वर 'मेलास की काय', खाली 'काळजी घ्या'. त्या दिवसानंतर त्यांनी ह्यांना एकदाही अरे म्हटलेलं नाही. एकदाही ह्यांना जुनं काही विचारलेलं नाही. विचारलं ते बाईंचं. जेवल्या का, बाहेर पडल्या का. पन्नास दिवस.

मला वाटत होतं मान वाढला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे सगळ्या आळीला चांदणं दिसत होतं, चोर तेवढा अंधारात. लाजेने अंग तापलं. मी लेकीला म्हटलं, बंद कर ते, मी पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. लेक म्हणाली, आणि कोट? मी म्हटलं, राहू दे पुतळ्यावर.

४ एप्रिल

तीन दिवस कट्ट्यावर गेले नाही. तीन वाजले की घड्याळाकडे पाठ करून बसते. लेकीने विषय काढला नाही. आज फक्त एवढंच म्हणाली, त्यांच्या मित्राचं काय झालं ते त्यांना कुणीच सांगितलेलं नाही, आई.

७ एप्रिल

लेक सकाळच्या गाडीने गेली. तिच्याकडे राहायला जाण्याचं ह्या खेपेला तिने एकदाही काढलं नाही. जाण्याआधी मला नवी नोंद करायला शिकवलं आणि कागदावर पायऱ्या लिहून ठेवल्या, एक ते सहा. पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव म्हणाली. लावला.

तीनला बसले. टोपणनाव विचारलं. बराच वेळ सुचेना. मग 'पहिला मजला' लिहिलं.

आत गेले. तिघे होते. मास्तर चष्म्याला टॅबवरून झापत होता, पण त्याचाही जोर नव्हता. मी लिहिलं:

'आले.'

आणि हात मांडीवर ठेवून बसले. चहाचं आधण ठेवलं होतं ते उकळून आटलं, त्याचा वास आला, तरी उठले नाही.

मग उलट्या टोपीने लिहिलं, 'या वहिनी. किती वेळ लावलात.'

मास्तरने लिहिलं, 'ब्राउझर बदलला ना? शाबास.' चष्म्याने विचारलं, बसून जेवता ना. जे लिहायचं ते आधी लिहिलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

'हे एकोणीस जानेवारीला गेले. दुपारी जेवल्यावर, ह्याच खुर्चीत. कट्टा उघडा होता. मी तुमच्याशी खोटं बोलले.'

उलट्या टोपीने लिहिलं की तो गेला हे त्या 'सांगते'लाच कळलं होतं. आम्ही आपसात ठरवलं नव्हतं, पण कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही उठून गेला असता आणि मग आम्हाला दोघांतलं कुणीच दिसलं नसतं. मग थोड्या वेळाने तिने आणखी एक लिहिलं.

'मी त्याला मेलास की काय विचारलं होतं. तो तेव्हा गेलेला होता. ते सलतं मला.'

मी तिला लिहिलं, 'मी आडवे व्हा की जरा म्हटलं होतं.'

कुणी गेलं नाही, चौघांच्या नावांपुढचे हिरवे ठिपके तसेच होते.

मास्तर मग ह्यांच्याबद्दल बोलायला लागला, अकरा वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा आले तेव्हाचं. मग चष्मा. मी ऐकत बसले. हे तिथे विनोद करायचे म्हणे. मी एकही ऐकलेला नाही. त्यांनी मला चार सांगितले, त्यातला एक बरा होता.

पत्ता आला आहे. बटणं अडकवली, कोट घडी करून पातळ कागदात गुंडाळला, कॉलरीत पुठ्ठा घातला. उद्या दुकानात जाता जाता टपालात टाकेन. वीस तारखेला घालून फोटो टाकते म्हणाली. मी तिला बजावलं आहे, कॉलर पडली तर नाव माझं सांगायचं, ह्यांचं नाही.